कर्त्याची नाडी

दिवाकर काळमेघ गेले त्याला चार महिने होत आले, तरी दारावरची पाटी तशीच होती. तशी ती कोणी काढतही नाही. माणूस जातो, पाटी राहते, आणि वीजबिलावर, गॅसच्या कार्डावर, घरपट्टीच्या पावतीवर तो पुढे कितीतरी वर्षं निमूटपणे नांदत असतो. सुचेताबाईंना यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट त्यांच्या नावानं टपाल आलं की क्षणभर बरंच वाटायचं.

पाटीसारखी आणखी एक वस्तू मागे राहिली होती, ती म्हणजे दिवाकररावांच्या मनगटावरचा पट्टा. नाडी, रक्तदाब, झोप असं सगळं मोजणारा तो पट्टा त्यांनी शेवटी शेवटी आंघोळीलासुद्धा काढला नव्हता. दवाखान्यातून तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घरी आला. तेरावं झाल्यावर सुचेताबाईंनी तो पुसला आणि फोटोखालच्या फळीवर चार्जरवर ठेवला. हिरवा ठिपका लागला. मग तो नेमच पडला. सकाळी फोटोला फूल, पुढे निरांजन आणि पट्ट्याला चार्जिंग. तो ठिपका विझलेला त्यांना बघवत नसे, एवढंच त्याचं कारण.

हे आटोपलं की त्या संगणकापुढे बसत आणि मुलीच्या पानाचं नाव टाइप करत. मनवा-काळमेघ.भारत. उत्तर ठरलेलं होतं. पांढऱ्या पडद्यावर एकच ओळ उमटे: असं नाव अस्तित्वात नाही. त्या ओळीकडे जरा वेळ बघून त्या उठत आणि कणीक भिजवायला घेत. रोज नाही म्हणणाऱ्या दारावर रोज थाप मारणं हा शुद्ध वेडेपणा आहे हे त्यांना कळत होतं, पण वेडेपणाला कोणी हरकत घेणारं घरात उरलं नव्हतं.

मनवाचं आणि बापाचं फाटलं ते पाण्यावरून. दिवाकरराव पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते आणि सोनबर्डी कालव्याचा पहिला टप्पा त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलेला. कालव्याचा विषय निघाला की ते भर जेवणात हात वाळवत बसत. मुलगी शिकली भूजलशास्त्र, आणि शिकून पहिलं काय केलं, तर सोनबर्डी कालवा मोजला. निम्मं पाणी शेतात पोचायच्या आधीच जमिनीत मुरतं, असा अहवाल तिनं स्वतःच्या पानावर सगळ्या जगाला वाचायला टाकला. अमरावतीत बातमी व्हायला तेवढं पुरे होतं.

"माझ्या घरात बसून माझ्या कालव्याला भोकं पाडून राहिली ही," दिवाकरराव म्हणाले होते.

"भोकं मी नाही पाडली बाबा. मी मोजली," मनवा म्हणाली होती.

दोघंही खरं बोलत होते असं सुचेताबाईंना वाटलं, आणि म्हणून त्या काहीच बोलल्या नाहीत. मनवा ओमानच्या एका भूजल केंद्रात नोकरीला निघून गेली. सुरुवातीला सुचेताबाई गच्चीवर वाळवण बघायच्या निमित्तानं जाऊन तिला फोन करत. मग एक दिवस फोन लागेनासा झाला. आपण तिची बाजू घेतली नाही, तर तिनं आपल्यालाही त्यांच्यातच मोजलं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत कडू होती पण पटण्यासारखी होती.

आता हे घडलं कसं ते सांगायचं तर थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं.

संगणकांना नावं कळत नाहीत, आकडे कळतात. जगातल्या प्रत्येक यंत्राला एक लांबलचक आकडा असतो. ते आकडे माणसाच्या लक्षात राहणं शक्य नाही, म्हणून माणूस नाव टाइप करतो आणि मध्ये कोणीतरी त्या नावाचा आकडा शोधून देतं. या मधल्याला नामसर्व्हर म्हणतात. परक्या गावात आपण चौकातल्या पानवाल्याला विचारतो, बोबडे वकील कुठं राहतात? तो सांगेल तिकडे जातो. नामसर्व्हर हा इंटरनेटच्या चौकातला पानवाला. त्याला ठाऊक नसेल तर तो पुढे कोणाला तरी विचारून सांगतो, आणि पुन्हा कोणी विचारलं तर म्हणून लक्षात ठेवतो. गंमत अशी, की तो नकारही लक्षात ठेवतो. असा कोणी इथं राहत नाही, हे एकदा कळलं की काही काळ तो परत चौकशीला जात नाही, येईल त्याला तोच नकार देतो. होकाराला जशी मुदत असते तशी नकारालाही असते. पूर्वी ती काही मिनिटांची, फार तर काही तासांची असे. आणि आपल्या संगणकानं कोणत्या पानवाल्याला विचारायचं, ते सेटिंगमधल्या एका चौकोनात लिहिलेलं असतं. बहुतेकांनी तो चौकोन जन्मात पाहिलेला नसतो.

'निवांत' नावाच्या कंपनीनं हा पानवालाच बदलला. त्या सुमारास फसवणुकीच्या फोनांनी लोक हैराण झाले होते. फोननंबर जाऊन त्यांच्या जागी नावं आली ती त्यामुळेच. फोन वाजण्याआधी करणाऱ्याचं नाव खरं आहे का ते घरचा नामसर्व्हर तपासे, आणि नाव सापडलं नाही तर फोन वाजतच नसे. भामट्याला सुगावा लागू नये म्हणून त्याला मात्र पलीकडे घंटी वाजत असल्यासारखी ऐकू येई. निवांतवाले आणखी पुढे गेले. त्यांचा नामसर्व्हर मनगटावरच्या पट्ट्याशी जोडलेला असे. कुठलं नाव समोर आलं की माणसाची नाडी धावते, रक्तदाब चढतो, झोप उडते, हे तो शिकत जाई. एखादं नाव वारंवार त्रास देतंय असं दिसलं की तो सरळ सांगे, असं नाव अस्तित्वात नाही. मग तो पट्ट्याकडे बघत राही. माणूस शांत झाला, की नकार लागू पडला असं समजून त्याची मुदत वाढवे. आठवड्याचा महिना होई, महिन्याचं वर्ष.

खोटं बोलणारं यंत्र कोण विकत घेईल, असं परदेशातल्या जाणकारांना वाटलं होतं. आपल्याकडे त्याच्यावर उड्या पडल्या, आणि त्यात नवल नव्हतं. बाबांच्या कानावर घालू नका, आईचं बीपी वाढेल, आजीला लग्न झाल्यावर सांगू, हे सगळं आपण पिढ्यान्‌पिढ्या हातानं करत आलो होतो. निवांतनं ते आपोआप केलं.

सुचेताबाईंना तर हे घरच्यासारखं ओळखीचं होतं. त्यांची सगळी नोकरी एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीवर गेली, रिपोर्ट हातात देण्याच्या खिडकीवर. मुलं, सुना, जावई आधी एकटे येऊन वाकून सांगत, "मॅडम, पेशंट स्वतः आले तर त्यांना देऊ नका बरं. विचारलं तर कावीळ आहे म्हणून सांगजा." आणि सुचेताबाई सांगत. समोरचा माणूस कावीळ ऐकून खूश होऊन जिना उतरे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्या काळी त्यांना मनापासून वाटायचं.

दिवाकररावांचा रक्तदाब चढू लागला तेव्हा निवांत घरी आलं. नोंदणीत घराचा 'कर्ता' कोण ते विचारलं होतं. एकत्र कुटुंबाच्या कागदपत्रांतला हा जुना शब्द कंपनीनं मुद्दाम उचललेला. घरात माणसं कितीही असली तरी नामसर्व्हर एक, तेव्हा निवांतपणा कोणाचा राखायचा हे ठरवायला नको? तो कर्त्याचा राखायचा. घरच्या संगणकावर आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनवर त्याचीच नाडी चालणार, बाकीच्यांनी त्यात आपलं भागवून घ्यायचं. पूर्वापार चालत आलं होतं तेच. दिवाकररावांनी त्या जागी आपलं नाव भरलं. सुचेताबाईंनाही एक पट्टा मिळाला, जोडीला फुकट.

त्यानंतर घर खरंच शांत झालं. फक्त एकदा, दसऱ्याच्या आसपास, दिवाकरराव पोळी मोडता मोडता म्हणाले होते, "तिनं ते पान काढून टाकलं वाटतं. नावच नाही म्हणते."

सुचेताबाई वाढता वाढता थांबल्या होत्या. नवरा जिंकला, असं त्यांच्या मनात आलं. पण तो जिंकल्यासारखा दिसत नव्हता. त्यानं भाजी परत घेतली नाही आणि हात धुवायला उठला.

मार्गशीर्षात ते गेले. सुचेताबाईंनी दवाखान्याच्या बाकावर बसून मनवाला निरोप पाठवला. निरोप परत आला, असं नाव अस्तित्वात नाही. नातेवाइकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "कळवलंय तिला." मग कोणीच वेगळं कळवलं नाही. आईनं कळवूनही आली नाही म्हणजे पोरगी कोणत्या थराला गेली बघा, असं लोक हळू आवाजात बोलले, आणि सुचेताबाईंनी ते ऐकून घेतलं. मनातून त्यांनाही तसंच वाटत होतं. बापाशी भांडण होतं ते ठीक, पण नावच पुसून टाकायचं? त्या दुःखात होत्या आणि रागावल्याही होत्या, आणि तरीही रोज सकाळी ते नाव टाइप करत होत्या.

चैत्रातल्या एका रविवारी सकाळी शेजारच्या नंदा इंगोले सांबारवड्या, म्हणजे कोथिंबिरीच्या तळलेल्या वड्या, घेऊन आल्या. नंदाताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. नवीन काही निघालं की आधी नको म्हणायचं हा त्यांचा खाक्या, त्यामुळे त्यांच्या घरात ना पट्टा होता ना निवांत. मनवाच्या विषयाला त्यांनी चार महिने हात लावला नव्हता. आज वड्यांची तळणी चांगली साधली त्या आनंदात जीभ सैल सुटली.

"मनवानं कालव्याचा फोटो मस्त टाकला वहिनी. मागच्या आठवड्यात."

"कुठं टाकला?"

"तिच्या पानावर. पाहिला नाही का?"

"तिचं पान बंद आहे," सुचेताबाई म्हणाल्या. "दसऱ्यापासून."

"बंद कसं? मी परवा चहा पिता पिता वाचून राहिली होती."

सुचेताबाईंनी हातातली वडी ताटलीत ठेवली, संगणक उघडला आणि नाव टाइप केलं. ओळ उमटली. नंदाताईंनी चष्मा वर ढकलून ती वाचली, मग स्वतः जवळ बसून एकेक अक्षर बघत तेच नाव परत टाइप केलं. तीच ओळ.

"हे मनवाचं काम नाही वहिनी," त्या म्हणाल्या. "तुमच्याच इथं काहीतरी आहे बाप्पा. चला माझ्याकडे, दाखवते."

सुचेताबाई उठल्या नाहीत. लॅबमध्ये रिपोर्ट विचित्र आला की तिथं आधी यंत्र तपासत, मग रक्ताकडे वळत. शिवाय मुलीनं काय लिहिलं असेल ते दुसऱ्याच्या घरात, दुसऱ्याच्या देखत वाचायची त्यांची तयारी नव्हती. "आधी माझ्या घरात का दिसत नाही ते पाहू द्या," त्या म्हणाल्या. नंदाताईंनी ओळखलं आणि वड्यांचा डबा तसाच ठेवून त्या घरी गेल्या.

निवांतच्या मदतकेंद्रात श्रुतिका नावाची मुलगी होती. आवाज गोड, घाई नाही.

"मॅडम, ते नाव तुमच्या घरासाठी थांबवलेलं आहे," ती म्हणाली. "तुमच्या कर्त्यांच्या तब्येतीसाठी. सुरुवातीला त्या नावानं त्यांचा रक्तदाब खूप चढत होता."

"म्हणजे ते पान आहे?"

"असेल मॅडम. आमच्या बाजूनं फक्त उत्तर थांबवलंय. आणि रिझल्ट फार छान आहे. मी बघतेय ना, तुमच्या कर्त्यांचा शांततेचा आकडा गेले चार महिने शंभरपैकी शंभर आहे. एवढा मी कोणाचा पाहिलेला नाही. पट्टा घरातच असतो, चार्ज असतो, एकदाही अस्वस्थतेची खूण नाही. म्हणून सिस्टीमनं नकाराची मुदत आपोआप वाढवून दहा वर्षं केली आहे."

सुचेताबाईंनी फळीकडे बघितलं. निरांजन विझलं होतं. हिरवा ठिपका चालू होता.

"ते वारले," त्या म्हणाल्या. "मार्गशीर्षात."

 सिस्टीमनं अशा वेळी काय बोलायचं ते श्रुतिकाला शिकवलेलं नसावं.

"सॉरी मॅडम," ती शेवटी स्वतःच्या आवाजात म्हणाली. "आम्हाला कोणी कळवलं नव्हतं."

"नाव काढावंसं वाटलं नाही."

"बरेच जण काढत नाहीत," श्रुतिका म्हणाली. "आता तुम्हाला कर्ता करू का? लगेच होईल."

झालंही लगेच. सुचेता दिवाकर काळमेघ, कर्ता. लग्नानंतर इतक्या वर्षांनी हा मान मिळाला आणि तोही मदतकेंद्राच्या फोनवर. त्यांनी नाव टाइप केलं. असं नाव अस्तित्वात नाही. मात्र आता कर्ता म्हणून त्यांना खाली एक बारीक ओळ दिसली, जी आधी दिसत नव्हती: आपल्या स्वास्थ्यासाठी.

"आता काय झालं?" त्यांनी विचारलं.

श्रुतिकाला सांगायला जड जात होतं हे कळत होतं. "मॅडम, तुमच्या पट्ट्याची जुनी माहिती आता वापरात आली. तुम्ही रोज सकाळी हे नाव विचारता. विचारलं की तुमची नाडी खूप वाढते, नंतर बराच वेळ उतरत नाही. चार महिने रोज. त्यामुळे सिस्टीमनं ते तुमच्यासाठीसुद्धा थांबवलं."

"ती माझी मुलगी आहे."

"हो मॅडम. सिस्टीमला त्रास दिसतोय."

"त्रास नाही तो."

"मग काय म्हणून नोंदवू? राग, भीती आणि ताण, एवढेच पर्याय आहेत."

सुचेताबाईंना हसू आलं. नवऱ्याच्या नाडीतून सुटून स्वतःच्या नाडीत अडकलो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. यंत्राची तरी काय चूक? राग आला तरी काळीज धावतं आणि माया आली तरी तेच धावतं. मनगटावरून दोन्ही सारखीच दिसतात. दिवाकररावांचा रक्तदाब चढला तो नेमका कशानं, हेही त्या पट्ट्याला कधी कळलं नसणार. सुचेताबाईंना तरी कुठं कळलं होतं?

"हे सगळंच काढून टाकायचं असेल तर?" त्यांनी विचारलं.

"काढता येतं. पण मग फसवणुकीचे फोन सुरू होतील मॅडम. वाईट बातम्या येतील. वयाच्या मानानं..." ती थांबली. "संगणकाच्या सेटिंगमध्ये नेटवर्कखाली पहिला नामसर्व्हर असा चौकोन आहे. त्यात आमचा आकडा आहे. तो काढून दुसऱ्या कोणाचा टाकला की झालं. फोन आपोआप सुटतील. मी हे सांगायला नको होतं खरं तर."

सुचेताबाईंनी कुंपणापाशी जाऊन नंदाताईंना हाक मारली. नंदाताई विद्यापीठाचा जुना सार्वजनिक नामसर्व्हर वापरत. तो बिचारा काहीच शिकत नसे, कोणाची नाडी बघत नसे, विचारलं ते जसं असेल तसं सांगे. त्यांनी आकडे सांगितले, मध्ये टिंबं कुठं द्यायची ते सांगितलं. "चुकलं तर काही जळत नाही," असंही वरून सांगितलं.

चौकोन सापडायला वेळ लागला. सापडल्यावर सुचेताबाई जरा वेळ नुसत्या त्याच्याकडे बघत राहिल्या. एवढीशी जागा, वाण्याच्या चिठ्ठीवर मावेल एवढी, आणि तिच्यात त्यांच्या घराची दोन वर्षं गेली होती. त्यांनी जुना आकडा पुसला, नवा टाकला आणि 'जतन करा' दाबलं. पडद्यावर सूचना आली: आपण निवांत सोडत आहात. यापुढे मिळणारी उत्तरं जशी असतील तशी असतील.

त्यांनी हो म्हटलं आणि मनवाचं नाव टाइप केलं.

असं नाव अस्तित्वात नाही.

त्या पुन्हा कुंपणापाशी गेल्या.  "अजूनही नाहीच म्हणतो."

"तुमच्या संगणकानं जुना नकार स्वतःच्या डोक्यात ठेवला असेल," नंदाताई म्हणाल्या. "माझा पण करतो कधी कधी. बंद करून परत चालू करा. विसरतो मग."

संगणक बंद झाला, चालू झाला. नाव टाइप केलं. पान उघडलं.

साधंच पान होतं. वर कालव्याचा फोटो, उन्हात चमकणारं पाणी, काठावर बाभळी. खाली तारखांनिशी मोजमापं. सुचेताबाई मोजमापं ओलांडत खाली खाली गेल्या आणि गणपतीच्या दिवसांतल्या एका नोंदीपाशी थांबल्या. वर लिहिलं होतं, 'सोनबर्डी कालवा: माझ्या अहवालातली दुरुस्ती'.

मनवानं लिहिलं होतं की पहिल्या अहवालात तिनं सगळा कालवा एकत्र मोजला होता. नंतर सुट्टीत येऊन तिनं टप्प्याटप्प्यानं पाण्यात रंग सोडून मोजलं, तेव्हा दिसलं की गळती सगळी नंतर वाढवलेल्या भागात आहे. मूळचा टप्पा इतक्या वर्षांनंतरही जवळजवळ थेंब गळू देत नाही. 'हा टप्पा श्री. दिवाकर काळमेघ यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. तो वेगळा मोजायला हवा होता. माझी चूक झाली.'

सुट्टीत येऊन. म्हणजे ती इथं, पाऊण तासाच्या अंतरावर येऊन गेली होती आणि घरी आली नव्हती. किंवा यायच्या आधी तिनं फोन केला असेल आणि तिला घंटी वाजत राहिलेली ऐकू आली असेल. घंटी वाजते आणि कोणी उचलत नाही, याचा अर्थ कोणीही एकच काढेल.

आणि दुरुस्ती गणपतीतली होती, दिवाकरराव तेव्हा चांगले हिंडतफिरत होते. दसऱ्याला पोळी मोडता मोडता म्हणाले होते, नावच नाही म्हणते. सुचेताबाईंना आत्ता कुठं ते वाक्य नीट ऐकू आलं. नाव नाही हे त्यांना कळलं कसं? त्यांनी स्वतः टाइप करून बघितलं होतं. बापानं मुलीला शोधलं होतं, त्याची नाडी धावली होती, आणि यंत्रानं त्याची काळजी घेतली होती.

सुचेताबाई दिवाकररावांच्या फोटोकडे न बघता बसून राहिल्या. फोन वाजला तेव्हा त्यांना आधी वाटलं, आला पहिला भामटा. पडद्यावर नाव होतं.

"हॅलो," त्या म्हणाल्या.

पलीकडे भांड्यावर भांडं आपटल्याचा आवाज आला.

"मनवा?"

"आई?" मनवाचा आवाज लांबून आला, मग एकदम जवळून. "थांब. थांब हं, ठेवू नको. गॅस बंद करते." पावलं, खटका, परत पावलं. "मला वाटलं नव्हतं तू उचलशील. मी दर रविवारी लावते ना, स्पीकरवर टाकते आणि भाजी फोडणीला टाकते. सवयच झाली. वाजून वाजून बंद होतो."

"इथं वाजतच नव्हता ग."

"म्हणजे?"

"सांगते. खूप सांगायचं आहे."

"आई, आधी माझं ऐक," मनवा भराभर बोलू लागली, जणू पुढच्या क्षणी कोणी फोन काढून घेईल. "बाबांचा राग असू दे. माझ्याशी नका बोलू म्हणावं. पण गणपतीत मी पानावर एक लिहिलंय, त्यांच्या टप्प्याचं. त्यांच्यासाठीच लिहिलं ते. वाचलं का ग त्यांनी?"

सुचेताबाईंच्या मनगटावरचा पट्टा थरथरला. नाडी वाढली आहे, शांत बसा, असं तो सांगत असणार. लॅबच्या त्या खिडकीपलीकडचे कितीतरी चेहरे त्यांना दिसले, कावीळ ऐकून जिना उतरणारे. एक 'हो' म्हणायचं होतं. वाचलं, पोरी. वाचून खूश झाले, आणि मग समाधानानं गेले. हे कोणाला कधी कळलं नसतं. त्या 'हो'ची मुदत मनवाच्या जन्माला पुरली असती.

त्यांनी पट्टा काढला आणि फळीवर दुसऱ्या पट्ट्याशेजारी ठेवला.

"मनवा, खाली बस," त्या म्हणाल्या.

"बसले. काय झालं?"

"बाबा गेले. मार्गशीर्षात. झटका आला, दवाखान्यात नेईपर्यंत होते. मी तुला कळवलं होतं, ते तुझ्यापर्यंत पोचलंच नाही. आणि तू लिहिलेलं त्यांनी वाचलं नाही. दिसलंच नाही त्यांना. शोधलं होतं, पण दिसलं नाही."

 पलीकडून रडणं आलं, लहानपणी यायचं तसंच, आधी श्वास अडकून आणि मग एकदम. सुचेताबाईंना ते थांबवावंसं वाटलं. उगी उगी म्हणावंसं वाटलं.  पण त्यांनी नुसता फोन कानाला धरून ठेवला आणि स्वतःही रडल्या, चार महिन्यांत पहिल्यांदा कोणाच्या तरी सोबतीनं.

"आई," खूप वेळानं मनवा म्हणाली. "शोधलं होतं त्यांनी? खरंच?"

"हो," सुचेताबाई म्हणाल्या. हे मात्र खरं होतं.